सारखा ओलावा

कपाला कान लावायचा, असा तो आमच्या मातीकामाच्या वर्गातला पाचवा आठवडा होता. कप मी आदल्या रविवारी घडवून फळीवर ठेवला होता आणि कान त्या दिवशी ताज्या मातीची वळी करून, तिला बाक देऊन तयार केला. दोन्हींच्या जोडावर सुईने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, त्यांवर पातळ चिखल लावला, कान दाबून बसवला आणि सांधा आधी बोटाने, मग ओल्या स्पंजने पुसून गुळगुळीत केला. तो इतका एकजीव दिसत होता की कप कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो, ते मलाच शोधावे लागले. पुढच्या रविवारी कप उचलला, तेव्हा कानाच्या वरच्या टोकाशी केसाएवढी बारीक रेघ उमटलेली होती. आम्हाला शिकवणाऱ्या ताईंनी ती पाहिली, कप पुन्हा फळीवर ठेवला आणि विचारले, "काकू, कान लावलात तेव्हा कप किती सुकला होता? आणि कान किती?" मला उत्तर देता आले नाही, कारण कान लावताना हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता.

गेले वर्षभर मी चाकाशिवाय, नुसत्या हातांनी मातीच्या वस्तू घडवायला शिकते आहे. या वर्षात मी जे शिकले त्याचा फार मोठा भाग त्या एका प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून त्याविषयीच लिहिते आहे.

आमचा वर्ग पुण्यात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर, पूर्वी मोटार ठेवण्यासाठी बांधलेल्या जागेत भरतो. रविवारी सकाळी तीन तास, असे दहा आठवड्यांचे एक सत्र असते. पहिल्या सत्रात आम्ही आठ जण होतो आणि आठही जणांच्या डोळ्यांसमोर फिरते चाक होते. ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, तरी सगळ्यांच्या त्या ताईच. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की दोन सत्रे चाकाला हात लावायचा नाही. चाकावर माती आपल्या हातांपेक्षा वेगात असते, त्यामुळे चूक कुठे झाली ते नवशिक्याला कळायच्या आत भांडे कोसळते. हाताने घडवताना मात्र प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहता येते. त्यांचे म्हणणे मला तेव्हा थोडे निराश करून गेले होते. आज चाक शिकण्याची मुभा असूनही मी हातानेच घडवण्याच्या वर्गाला जाते.

पहिले दोन तास माती मळण्यात गेले. आम्हा बायकांना वाटले की हे तर रोजचेच काम आहे. परंतु कणीक मळताना आपण घडी घालून दाबतो आणि त्या घडीत थोडी हवा राहिली तरी पोळीचे काही बिघडत नाही. मातीची घडी मात्र हवा कोंडते. त्यामुळे माती तळहाताच्या खालच्या भागाने पुढे रेटायची, किंचित वर उचलून फिरवायची आणि पुन्हा रेटायची, अशा रीतीने की तिचे थर एकमेकांवरून सरकत राहतील आणि आतली हवा बाहेर पडेल. मळून झाल्यावर तारेने गोळा मधोमध कापून पाहायचा. कापलेल्या पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढेही भोक दिसले की पुन्हा मळायचे. माझ्या गोळ्यात तीनदा भोके निघाली. चौथ्यांदा कापलेले पृष्ठ दह्याच्या कवडीसारखे सलग दिसले, आणि ते पाहून झालेला आनंद मला अजून आठवतो.

मातीला आकार घेता येतो तो तिच्यातल्या पाण्यामुळे. तिचे कण चपट्या पत्र्यांसारखे आणि इतके सूक्ष्म असतात की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात, आणि यांतले बहुतेक कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. विड्याच्या ओल्या पानांची चवड हातात घेतली तर पाने एकमेकांना चिकटलेलीही असतात आणि एकमेकांवरून सरकतही असतात. मातीच्या कणांचे तसेच आहे. दोन कणांमधले पाणी त्यांना धरूनही ठेवते आणि सरकूही देते. ते पाणी उडून जाऊ लागले की कण जवळ येतात, आणि कण जवळ आले की भांडे आकसते. वर्गात आम्ही प्रत्येकाने मातीची एक पट्टी करून तिच्यावर बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ कोरली होती. पूर्ण सुकल्यावर ती रेघ साडेनऊच्याही थोडी खाली आली, आणि दोन्ही भाजण्या झाल्यावर ८.८ सेंटिमीटर भरली. ती पट्टी माझ्या मेजावर असते. नवी वस्तू करायला घेतली की मी आधी तिच्याकडे पाहते.

या पट्टीनेच मला कपाच्या कानाचा उलगडा करून दिला. माझा कप आठवडाभरात बराच सुकला होता, म्हणजेच त्याचे आकसणे बहुतेक होऊन गेले होते. कानाचे आकसणे अजून व्हायचे होते. कान लहान होऊ पाहत होता आणि त्याची दोन्ही टोके ज्या भिंतीला चिकटवली होती ती भिंत जागची हलणार नव्हती. अशा ओढाताणीत जिथे जोड सर्वांत कच्चा असतो, तिथे माती सुटते. मी रेघा नीट मारल्या होत्या, चिखल पुरेसा लावला होता, दाबही दिला होता. हे सगळे बरोबर करूनही दोन्हींचा ओलावा सारखा नव्हता, आणि तो सारखा नसेल तर बाकीचे काहीच पुरे पडत नाही.

वर्गात मातीच्या अवस्थांना इंग्रजी नावे आहेत आणि ती आम्ही तशीच वापरतो. ताजी, दाबली की बोट उमटणारी माती ही 'प्लास्टिक'. तिच्यातला ओलावा थोडा कमी झाला की 'लेदर हार्ड', म्हणजे चामड्याइतकी घट्ट. मला मात्र या अवस्थेतली माती नेहमी नीट जमलेल्या खरवसाची आठवण करून देते, कारण सुरीने तिच्या स्वच्छ वड्या पडतात, उचलली तर ती आकार सोडत नाही, पण वाकवायला गेले तर चिरते. सगळा ओलावा उडाला की 'बोन ड्राय'. जोड लावण्याची खरी वेळ चामड्याइतक्या घट्ट अवस्थेच्या थोडी अलीकडे असते, आणि ती वेळ घड्याळात दिसत नाही. बोटाने दाबून, नखाने ओरखडून, हातावर तोलून ती ओळखावी लागते. मी तीस वर्षे हिशेबाच्या कामात काढली, जिथे प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. बोटाच्या टोकाला कळणारी गोष्ट खात्रीची मानायला मला बरेच महिने लागले.

सुरुवात सगळ्यांची होते तशी माझीही चिमटीच्या वाटीने झाली. लिंबापेक्षा मोठा गोळा डाव्या तळहातात घ्यायचा, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या मधोमध रोवायचा, आणि अंगठा आत, बोटे बाहेर ठेवून चिमटीने दाबत गोळा फिरवत न्यायचा. भिंत किती जाड झाली ते डोळ्यांना दिसत नाही, ते चिमटीतच कळते. माझे तळहात मुळात उष्ण आहेत. त्यामुळे हातातच माती सुकायची आणि काठाला भेगा पडायच्या. ताईंनी बाजूला पाण्याची वाटी ठेवायला सांगितली, पण पाणी मातीला लावायचे नाही, नुसते बोटाला लावून बोट पुसून घ्यायचे, असेही बजावले. नवशिका माणूस भेग दिसली की पाणी ओततो. पाण्याने भेग तेवढ्यापुरती झाकली जाते, पण वाटीचा काठ मऊ पडून लोळतो आणि तळ तसाच घट्ट राहतो, म्हणजे एकाच भांड्यात दोन ओलावे तयार होतात. माझी पहिली वाटी अशीच फाकली. दुसरी पणतीएवढी लहान झाली, ती मात्र सरळ उभी राहिली.

यानंतर वळ्यांचे काम आले, आणि तिथे मी रमले. मातीच्या दोऱ्या वळायच्या, त्या एकावर एक रचायच्या आणि आतून-बाहेरून एकजीव करत भिंत चढवायची, एवढेच त्याचे सूत्र. कडबोळी वळणाऱ्या हाताला वळी नवी नाही. फरक एवढाच की कडबोळ्याची वळी बोटभर असते आणि इथे ती हातभर लांब लागते, आणि सगळीकडे सारखी जाड लागते. बोटांनी वळली तर तिच्यावर लाटा उमटतात, म्हणून हात पूर्ण उघडून, मधून बाहेर नेत, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत तिला फिरू द्यावे लागते. पहिल्या दिवशी माझी प्रत्येक वळी चपटी होत होती, कारण मी दाबत होते. दाब काढून घेतला तशी ती गोल होत गेली.

वळी बसवली की आतल्या बाजूने अंगठ्याने तिची माती खालच्या वळीवर ओढायची आणि बाहेरच्या बाजूने खालची माती वर चढवायची. अशा तीन-चार वळ्या झाल्या की थांबायचे. खालची भिंत थोडी घट्ट झाल्याशिवाय ती वरचे वजन पेलत नाही. घाई केली तर भांड्याचे पोट फुगते, मग बसते, आणि एकदा बसलेले पोट पुन्हा सरळ करता येत नाही. फार वेळ थांबलो तर मात्र काठ कोरडा पडतो आणि नवी वळी त्याच्याशी जुळत नाही. म्हणून काठाला ओल्या कापडाची पट्टी गुंडाळून ठेवायची आणि खालचा भाग उघडा सोडायचा. खाली सुकले पाहिजे आणि वर ओले राहिले पाहिजे. एकाच भांड्याला दोन ऋतूंमध्ये ठेवल्यासारखे ते असते, आणि ते साधण्यात माझा पहिला पावसाळा गेला.

पुण्यातल्या जुलै महिन्यात माती सुकतच नाही. सकाळी ठेवलेल्या तीन वळ्या वर्ग संपेपर्यंत तशाच मऊ असायच्या. मी त्यांच्याकडे पाहत बसायचे, पंख्याखाली ठेवू का असे विचारायचे, आणि ताई नको म्हणायच्या, कारण पंख्याच्या बाजूची भिंत आधी सुकते आणि भांडे त्या अंगाने वाकते. त्या महिन्यात वीतभर उंचीचे भांडे करायला मला चार रविवार लागले. तेच मी मार्चमध्ये करू लागले तेव्हा पंधरा मिनिटांत काठ पांढुरका पडू लागला आणि पिशवीत गुंडाळून ठेवण्याची धावपळ करावी लागली. हवेतल्या ओलाव्याकडे मी पूर्वी फक्त कपडे वाळवण्याच्या निमित्ताने पाहत असे. आता रविवारी उठल्यावर खिडकी उघडताना आज माती काय करील, हा विचार आधी येतो.

त्याच जुलैमध्ये, काठाला ओले कापड गुंडाळताना, मला आजीची चूल आठवली. साताऱ्याकडच्या आमच्या गावी आजी घरची चूल स्वतः घालत असे, आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांचीही तीच घालून देत असे. ती माती आदल्या दिवशी भिजत घालायची, तिच्यात भाताचे तूस आणि घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायची, आणि मग गोळे एकमेकांवर थापत चूल आणि तिला लागूनची लहान चूल, म्हणजे वैल, उभी करायची. हे काम तीन-चार दिवस चालायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी कालच्या कडेवर पाण्याचा हात फिरवायची, विळ्याच्या टोकाने ती कड खरवडायची आणि मगच नवा गोळा ठेवायची. आम्ही मुले बेंदराचे बैल करण्यासाठी तिच्या मातीतला गोळा मागायचो आणि तिथेच अंगणात बसायचो. माझ्या बैलाचे शिंग नेहमी गळून पडे. तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "कालच्याची वल आन् आजच्याची वल एक झाली पायजे, न्हाईतर तडकतंया." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. ते वाक्य इतकी वर्षे माझ्यापाशी होते, पण त्याला हात नव्हते. ताईंनी कपाबद्दल विचारलेला प्रश्न आणि आजीचे ते वाक्य एकच आहे, हे मला चार वळ्यांपुढे बसून वाट पाहताना कळले.

सुईने रेघा मारणे आणि विळ्याने खरवडणे हेही एकच. गुळगुळीत पृष्ठावर ओला गोळा नुसता टेकतो. खरवडलेल्या पृष्ठावर मात्र चिखल खाचांत उतरतो आणि दोन्हीकडचे कण एकमेकांत मिसळतात. तुसाचे कारणही मला आता समजते. आमच्या वर्गातल्या मातीत आधी भाजून दळलेल्या मातीची भरड असते, तिला 'ग्रॉग' म्हणतात. ती एकदा आकसून झालेली असल्यामुळे पुन्हा तितकी आकसत नाही, आणि तिच्या खरबरीतपणामुळे आतला ओलावा बाहेर पडायला वाट मिळते. आजीचे तूस आणि लीद हे तंतूंनी माती धरून ठेवत, आणि चूल पेटू लागली की ते जळून मातीत बारीक पोकळ्या सोडत, ज्यामुळे रोज तापण्या-निवण्याचा ताण चुलीला सोसत असे. आजीला हे कोणी समजावून सांगितले नव्हते आणि तिनेही कोणाला समजावले नाही. ती चूल घालत असताना जो कोणी जवळ बसला असेल, तो पाहून शिकला असेल. मी जवळ बसले होते, परंतु माझे लक्ष बैलाच्या शिंगांकडे होते. याची मला आज खंत वाटते.

आपल्याकडे कुंभाराच्या घरात चाकाला बाईने हात लावायचा नाही, ही रीत देशाच्या फार मोठ्या भागात होती आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी आहे. माती चाळणे, तुडवणे, भांड्यांना रंग देणे, भांडी भाजण्याचा आवा रचायला हात देणे ही कामे बायका करत आल्या, चाक मात्र पुरुषांचे. तरीही मातीच्या हातकामात, ज्याला चाक लागत नाही अशा सगळ्या गोष्टींत, बायकांचाच हात आहे. चुली, कणग्यांचे लेप, ओटे आणि भिंती त्यांनीच घडवल्या. मणिपूरमधल्या अँड्रो गावात तर भांडी घडवणे हे बायकांचेच काम आहे, आणि त्या ती चाकाशिवाय घडवतात. आजीला कोणी कुंभारीण म्हटले नसते. परंतु माझ्या पहिल्या सत्रात मी जे शिकले, ते सगळे तिला येत होते, हे मी इथे नोंदवून ठेवते.

ऑगस्टमध्ये एका सुट्टीच्या दिवशी मी डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेले. पूर्वी एकदा गेले होते, तेव्हा खापरांच्या कपाटांवरून नजर फिरवून पुढे निघाले होते. या वेळी मी इनामगावसाठीच गेले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले, आणि इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे सापडली. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळाले ती जोर्वे पद्धतीची भांडी या लोकांची. तांबड्या पृष्ठावर काळी नक्षी, पातळ भिंती, कोन काढलेली पोटे आणि तोट्या. ती चाकावर केलेली आहेत आणि भाजणीही उत्तम आहे, ठोकली तर खणखणतील अशी. परंतु याच लोकांनी जाड, खरबरीत, राखी रंगाचे कुंभ हातानेही घडवले. लहान मूल गेले की ते असे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, आडवे, घराच्या जमिनीखाली पुरत आणि त्यांत मुलाला ठेवत.

ते कुंभ पाहताना मी बराच वेळ उभी राहिले. त्यांचे दुःख आपले मानण्याचा मला अधिकार नाही, तीन हजार वर्षांपलीकडच्या माणसाच्या मनात काय होते ते मला ठाऊक नाही. पण हातांचे काम मात्र आता मला वाचता येत होते. जाड भिंत, चाकाच्या समांतर रेघांचा अभाव, पोटाची किंचित उतरती बाजू. चाक घरात असूनही हाताने घडवणे त्यांनी सोडले नव्हते. जी वस्तू मोठी असते, जाड असते आणि जिला सावकाश चढवावे लागते ती हाताने घडते, हे त्यांना माहीत होते.

इनामगावलाच पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात एका पुरुषाचे दफन सापडले. त्याला चार पायांच्या मोठ्या मातीच्या कुंभात मांडी घातलेल्या स्थितीत बसवलेले होते, आणि तो कुंभ भाजलेला नव्हता. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्यातून त्या माणसाचा मान, त्याचे घर, त्या वस्तीची रचना असे बरेच काही कळते. मी पाहत होते ते चार पाय. माणूस मावेल एवढ्या पोटाला चार पाय जोडायचे, भट्टीचा आधार न घेता, आणि ते पोट त्या पायांवर उभे करायचे. पाय आणि पोट यांचा ओलावा सारखा नसता तर तो कुंभ सुकतानाच फुटला असता. कोणीतरी तिथे बोटाने दाबून, नखाने ओरखडून पाहिले असणार, आणि आज नको, उद्या लावू, असे म्हटले असणार. माझ्या कपाच्या कानाची जात त्या पायांशी इतकी जवळची असेल, असे मला वाटले नव्हते.

दुसऱ्या सत्रात आम्ही पाट्यांचे काम शिकलो. दोन बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले की मातीची सपाट पाटी मिळते, आणि ती कापून डबे, ताटल्या, फुलदाण्या जोडता येतात. मला त्यात वळ्यांइतका आनंद मिळाला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. पाटी एका कोपऱ्याला धरून उचलली की ती वाकते. पुन्हा सपाट करून ठेवली तरी सुकताना आणि भट्टीत ती त्याच कोपऱ्याशी पुन्हा वर येते. मातीला आठवण असते, असे वर्गात म्हणतात. त्याचा साधा अर्थ असा की वाकताना सरकलेले कण सपाट केल्यावर पूर्ववत होत नाहीत. म्हणून पाटी दोन फळ्यांच्या मध्ये धरून उलटायची, उचलायची नाही.

माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिले पाहिजे. पहिल्या सत्राच्या शेवटी मी हत्ती केला होता आणि त्याचे पाय भरीव ठेवले होते, तीन-तीन सेंटिमीटर जाड. सप्टेंबर होता. वरून तो पांढरा आणि कोरडा दिसत होता. सुकलेली वस्तू गालाला लावून पाहायची असते, कारण आत ओल असेल तर ती गालाला गार लागते. मी ते केले नाही आणि सुकला आहे असे सांगून हत्ती भट्टीसाठी दिला. पाणी १०० अंशांना उकळते. जाड मातीच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही. हत्तीचे दोन पाय फुटले आणि त्यांच्या ठिकऱ्या शेजारच्या कपांवर आणि वाट्यांवर उडाल्या. वर्गातल्या एका मुलीची वाटी त्यात गेली. तिने ती तिच्या आईसाठी केली होती. ती काही बोलली नाही, उलट माझीच समजूत घालू लागली. कोंडलेल्या हवेने भांडी फुटतात, असे अनेक जण मानतात, पण बहुतेक वेळा फोडणारी असते ती ओल. मी तिला पुढच्या सत्रात वाटी करून दिली, पण तिची वाटी ती नव्हे, हे आम्हा दोघींनाही माहीत होते. तेव्हापासून माझी प्रत्येक वस्तू, आणि मला परवानगी असेल तर इतरांचीही, मी गालाला लावून पाहते.

भट्टीतली पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. हवेने वाळून गेलेल्या पाण्यापलीकडे मातीत आणखी एक पाणी असते, जे तिच्या रचनेतच बांधलेले असते. शुद्ध चिनी मातीत ते वजनाच्या जवळजवळ १४ टक्के भरते. ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान ते निघून जाते, आणि त्यानंतर ती माती पुन्हा कधीच चिखल होत नाही. तोपर्यंत आपण केलेली कोणतीही वस्तू पाण्यात टाकली तर विरघळून पुन्हा गोळ्यात मिसळता येते. माझ्या न आवडलेल्या सात-आठ वस्तू मी अशाच बादलीत सोडल्या आणि त्यांतूनच पुढच्या केल्या. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ते एकाएकी प्रसरण पावतात, निवताना त्याच ठिकाणी पुन्हा आकसतात. म्हणून भट्टी तिथून सावकाश न्यावी लागते. भाजून आलेली वस्तू ताई बोटाच्या पेराने ठोकून पाहतात. माठ घेताना आपण करतो तेच. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी न दिसणारी भेग आहे असे समजायचे. दुसऱ्या भाजणीआधी वस्तूवर ग्लेझचा लेप चढवतात, तळाला ते लागू द्यायचे नाही नाहीतर वस्तू भट्टीच्या फळीला चिकटते, आणि मग बाराशे अंशांच्या पुढे ते वितळून काच होते. वर्गात सर्वाधिक चर्चा ग्लेझच्या रंगांची होते. मला भाजलेली, अजून रंग न चढलेली माती जास्त आवडते, कारण तिच्यावर बोटांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

मातीत हात घातला की मन शांत होते, असे मला अनेक जण सांगतात आणि माझेही तसेच होत असेल असे गृहीत धरतात. माझा अनुभव थोडा निराळा आहे. वळ्या लावताना मी शांत नसते, मी अतिशय सावध असते. काठ किती ओला, खालची भिंत किती घट्ट, कापड काढून किती वेळ झाला, हे सगळे एकाच वेळी लक्षात ठेवावे लागते, आणि त्यामुळे दुसरे काही आठवायला जागा उरत नाही. या सावधपणाचा मला लळा लागला आहे.

कान सुटलेला कप मी टाकून दिला नाही. भेगेत व्हिनेगर आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा मिसळलेला चिखल भरला, वरून दाबला आणि तो पिशवीत घालून दोन आठवडे सावकाश सुकू दिला. भाजणीतून तो वाचला. ग्लेझखाली रेघ अजून दिसते. त्यात मी ब्रश ठेवते, कारण गरम चहाचा भार त्या कानावर टाकायला मन होत नाही.

सध्या मी एक बरणी करते आहे, वळ्यांची, पुरेशी उंच, तिला दोन बाजूंना दोन कान. बरणीसाठीचे दोन्ही कान शुक्रवारी संध्याकाळीच वळून एका झाकणाच्या डब्यात ठेवले आणि बरणी घरी आणून मोरीतल्या फळीवर, ओल्या कापडात आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली. काल रात्री जेवण झाल्यावर पिशवी सोडून पाहिली. पोट घट्ट झाले होते, नखाची रेघ स्वच्छ उमटत होती. मान मात्र दाबली की बोट उमटत होते. डब्यातले कान पोटाइतके घट्ट झाले होते. मी मानेवरचे कापड काढले, पोटाला तेच कापड पुन्हा ओले करून गुंडाळले, पिशवीचे तोंड वरच्या बाजूने उघडे ठेवले आणि डब्याचे झाकण घट्ट लावून दिवा मालवला.